उसाच्या ट्रॉलीला मागून ‘रेडियम’ लावलंय का?

गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीचा रस्ता उसाच्या वाहनांचा होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, टायरगाड्या, बैलगाड्या. काट्यावर लवकर नंबर लागावा म्हणून सगळ्यांचीच घाई. पण मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तुमची ट्रॉली दिसते केव्हा, याचा विचार कधी केलाय?

हिशेब करून बघा. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंद-दीड सेकंद गेलेला असतो. गाडी थांबायला पुन्हा जवळजवळ तेवढीच जागा लागते. त्यात समोरून एस.टी.चा झोत डोळ्यांवर आला, तर वाळला पाला लोंबणारी ट्रॉली अंधारात मिसळून जाते.

यावर उपाय आहे तो रिफ्लेक्टरचा. आपण त्याला ‘रेडियम’ म्हणतो, पण त्यात रेडियम नसतं आणि ते स्वतः उजेडही देत नाही. त्यातले बारीक काचमणी पडलेला उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतात. म्हणून ज्याच्या गाडीचा दिवा, त्यालाच ते चमकताना दिसतं. त्यावर चिखल बसला की ते असून नसल्यासारखंच.

आता इथं आपलं चुकतं कुठं? हंगामाच्या तोंडावर कारखान्यावर कार्यक्रम होतो, साहेब येतात, रिफ्लेक्टर चिकटवतात, फोटो निघतो. ट्रॉली रिकामी असते तोवर सगळं ठीक. ऊस भरला की मोळ्या मागं लोंबतात आणि फळीवरची पट्टी झाकून जाते. तेव्हा मोळ्यांवरून बांधायचा कापडी रिफ्लेक्टर घ्या आणि भरणी झाल्यावर शेवटच्या दोराबरोबर तो बांधा. मागं लाल, पुढं पांढरा, बाजूला पिवळा, हे लक्षात ठेवा. बैलगाडीलाही मागं लाल पट्टी हवीच.

एकदा रात्री परीक्षा घ्या. भरलेल्या ट्रॉलीमागं शंभर पावलं जा, बॅटरी डोळ्याजवळ धरा आणि उजेड टाका. लाल चमक दिसली नाही, तर खेप तशी सोडू नका. ड्रायव्हरला दहा सूचना देण्यापेक्षा त्यालाच तिथं उभं करून हे दाखवा. एकदा डोळ्यांनी बघितलेलं तो विसरत नाही.

टायर फुटला, पिन तुटली तर ट्रॉली शक्य तेवढी साईडपट्टीवर घ्या आणि मागं बऱ्याच अंतरावर खूण ठेवा. ट्रॉली निघाली की चाकाखालचे दगडही उचला. ते तसेच रस्त्यात राहतात आणि पहाटे दूध घेऊन निघालेला पोरगा त्यावर आदळतो. टेपचा आवाज एवढा की मागचा हॉर्न ऐकू येऊ नये, ही कसली हौस?

पोरगं ट्रॅक्टर झकास चालवतं म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती स्टेअरिंग देणाऱ्यांनी २०१९ ची कायदादुरुस्ती ध्यानात घ्यावी. अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला, तर पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. वाहनाची नोंदणीही १२ महिने रद्द होते.

सरपंच, पोलीस पाटील मंडळींनी तोडणी सुरू होण्याआधीच वाहनमालकांना चावडीवर बोलवावं. गावच्या वळणावरची झुडपंही तोडून घ्यावीत. आणि अपघात झालाच, तर १०८ ला फोन करायला कुणी कचरू नये. जखमीला प्रामाणिकपणे मदत करणाऱ्याला त्याच दुरुस्तीनं संरक्षण दिलंय. दवाखान्यात किंवा पोलिसांत नाव-पत्ता सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही.