गरीब कुत्री चावत नाही?

पनवेलच्या वडाळे तलावाकाठी संध्याकाळी एक चक्कर मारायची, तर सोनी बरोबर असली की मला दुप्पट वेळ लागतो. सोनी आमची कुत्री. पांढरीशुभ्र, केसाळ, वजनाला जेमतेम पाच किलो. आपण सरसकट ‘पामेरियन’ म्हणतो, पण या जातीचं नाव इंडियन स्पिट्झ. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवतो ना, क्रिकेटच्या खेळात पंच झालेला? तीच जात. त्यामुळे लोकांना वाटतं, हे कुत्रं कुणाच्याही मांडीवर उडी मारणार. आमची सोनी अनोळखी माणूस दिसला की माझ्या साडीच्या निऱ्यांमागे.

तरी जो तो वाकतो. “अय्या, कापसाचा गोळाच! चावते का हो?” आणि मी हसून सांगायची, “छे, गरीब आहे अगदी.” तिथेच माझं चुकलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरी बचत गटाच्या बायका जमल्या होत्या. सोनी या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होती. ती अंग ताठ करून बसली होती, सारखी नाक चाटत होती, मधूनच जांभया देत होती. कुणीतरी म्हणालं, “बघा, किती शांत आहे!” मलाही तसंच वाटलं. मग एका मैत्रिणीच्या सहा वर्षांच्या नातीने तिला कवटाळून पापी घ्यायला तोंड पुढे नेलं आणि सोनीने तिच्या हाताला दात लावला. जखम छोटीशीच, पण रक्त आलं.

जाऊबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या. सासूबाईंनी त्यांना अडवलं, “अगं, आधी साबण आण.” नळाच्या धारेखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली. हळद, चुना, तिखट, तेल यातलं काही लावायचं नसतं. तशीच मुलीला सरकारी दवाखान्यात नेली. सोनीला दरवर्षी रेबीजची लस देतो, तरी डॉक्टरांनी मुलीचं इंजेक्शन टाळलं नाही. रक्त आलं होतं म्हणून जखमेभोवती वेगळं औषधही टोचलं. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लस. एकही चुकवायची नाही, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. “घरचंच कुत्रं आहे, छोटंसं आहे” म्हणून कुणी घरी बसू नका.

त्या रात्री घरात एकच वाद, सोनीला ठेवायची की कुणाला देऊन टाकायची. मी गुरांच्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा कळलं की सोनी शांत नव्हतीच, ती घाबरून थिजली होती. झोप आलेली नसताना जांभई, तोंडाजवळ खाऊ नसताना नाक चाटणं, मान वळवणं, कान मागे पाडणं, शेपूट पायांत घालणं, डोळ्यांचा पांढरा कोपरा दिसणं. हे सगळं ती “मला सोडा” म्हणून सांगत असते. कुणी ऐकलं नाही की गुरगुरते. आणि गुरगुरली म्हणून मी तिला मागे दोनदा चापट मारली होती! मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, पण त्याची भीती जात नाही. मग ते न सांगताच चावतं.

काही कुत्री स्वभावानेच भित्री. पण पिल्लाचा तिसरा ते साधारण बारावा आठवडा फार महत्त्वाचा असतो. त्या दिवसांत माणसं, पोरं, भांड्यांचे आवाज हे सगळं बेताबेताने बघितलेलं पिल्लू पुढे कमी बुजतं. सोनी आमच्याकडे आली तीच पाच महिन्यांची, तोवर एका खोलीत वाढलेली. आता तिला टफी करता येणार नाही. पण दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडून आणू नका, एवढं तुम्हाला सांगते.

आता पलंगाखाली तिचं खोकं आहे. ती त्यात गेली की घरचंही कुणी हात घालत नाही. पाहुणे आले की ती आतल्या खोलीत. आणि बाहेर मी सरळ सांगते, “ती घाबरते, हात लावू नका.” सुरुवातीला जीभ जड व्हायची हो. कुणी कौतुकाने वाकलंय, त्याला नको कसं म्हणायचं? एक काकू तर फुरंगटून म्हणाल्या, “एवढं काय, कुत्रंच ना!” म्हणू देत.

कुणाला ओळख करून घ्यायचीच असेल, तर बाजूला तोंड करून बसायचं, तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, ती आपण होऊन आली तर हनुवटीखाली थोडं खाजवायचं आणि थांबायचं. डोक्यावरून हात नको, उचलणं तर नकोच. चॉकलेटही देऊ नका, कुत्र्याला ते विषारी.

ती छोटी मुलगी परवा आली होती. चार हात लांब पाट टाकून बसली, भाकरीचा तुकडा बाजूला टाकला आणि आपल्या वहीत चित्र काढत राहिली. सोनी खोक्यातून आली, तुकडा उचलला, तिच्या पायाचा अंगठा हुंगला आणि परत पलंगाखाली गेली. मुलगी ओरडली, “आजी, ती आली होती!” सासूबाई म्हणाल्या, “हळू बोल गं, ऐकतेय ती.”