सनरूफ उघडलं, पण बंदच होईना? गॅरेज गाठण्याआधी हे करून बघा

समजा, पेणहून गणपती घेऊन तुम्ही रोह्याला निघालात. नागोठणं मागे पडलं, भिसे खिंडीत सर आली आणि सनरूफची काच अर्ध्यावर अडकली. मागच्या सीटवर शाडूची मूर्ती आहे, आणि शाडूला पाणी लागलं की काय होतं हे वेगळं सांगायला नको. आता काय?

गाडी बाजूला घ्या, पण इंजिन चालू ठेवा. बॅटरी कमजोर असेल तर मोटरला पुरेसा जोर मिळत नाही. मग रुळांत पान, काडी, खडी अडकलीय का ते बघा. वाटेत अडथळा जाणवला की काच आपोआप मागे सरकते. बोटं चिमटू नयेत म्हणून ही सोय बऱ्याच गाड्यांमध्ये असते, त्यामुळे एवढीशी काडीही पुरते.

बटणाला काहीच प्रतिसाद नाही? फ्यूज तपासा. कोणता फ्यूज कशाचा, हे मॅन्युअलमध्ये असतं. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. जास्त अँपिअरचा किंवा तारेचा जुगाड केलात तर वायरिंग जळू शकतं.

बॅटरी नुकतीच काढली किंवा बदलली असेल, तर काच कुठे थांबायची हे सिस्टीम विसरलेली असू शकते. अनेक गाड्यांमध्ये बंद करण्याच्या दिशेने बटण दाबून धरलं की काच हळूहळू सरकत बसते आणि सेटिंग पुन्हा होतं. नेमकी पद्धत मॉडेलनुसार बदलते. मात्र या वेळी ती चिमटा-रोधक सोय बंद असू शकते. मुलांचे हात आधी आत घ्या.

काही गाड्यांमध्ये छताच्या दिव्याजवळच्या झाकणामागे अॅलन की लावून मोटर हाताने फिरवता येते. तेही जमलं नाही, तर प्लास्टिक आणि रुंद चिकटपट्टी. पत्रा आधी कोरडा पुसा, नाहीतर पट्टी टिकणार नाही. पुढे सावकाश चालवा.

आता गळतीबद्दल. काच नीट बंद होऊनही पाणी टपकलं की बहुतेक जण रबराला दोष देतात आणि कडेने सिलिकॉन थापतात. हे करू नका. रबरातून थोडं पाणी आत येणारच, असं धरूनच सनरूफ बनवलेलं असतं. ते पाणी भोवतीच्या पन्हाळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून गाडीखाली जातं. झाडाखाली गाडी लावली की पाला-माती साचून या नळ्या तुंबतात. पन्हाळ पुसून कोपऱ्यात थोडंथोडं पाणी ओता. खाली थेंब पडले नाहीत, तर नळी तुंबलेली आहे. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हलक्या हाताने घाला. हवेचा जोरदार झोत नको, त्याने नळी आतल्या आत निसटते. खांबाचं प्लास्टिकही उचकटू नका, त्यामागे एअरबॅग असू शकते.

आणि अख्खं छप्पर बटणावर उघडणारी कन्व्हर्टिबल? थारच्या कन्व्हर्टिबलचा कापडी टप हातानेच दुमडायचा असतो, तिथे हा प्रश्नच नाही. बटणवाल्या गाडीत मात्र आधी डिकी उघडा. सामानासाठीचा आतला पडदा जागेवर नसेल, तर बऱ्याच मॉडेल्समध्ये छप्पर हलतच नाही. पडदा ठीक असेल, तर हायड्रॉलिक तेल गळतंय का बघा. छप्पर जोराने ओढू नका. पंपाचा दाब कसा सोडायचा हे मॅन्युअलमध्ये वाचा, मगच दोघांनी मिळून ते बंद करा.