गळा एकाचा, हात दुसऱ्याचे

शाळेचं स्नेहसंमेलन होतं, भिलाईतल्याच एका सेक्टरमधलं. कर्णबधिर मुलांचा समूहनाच सुरू झाला. स्पीकरवर सिनेमातलं गाणं दणदणत होतं आणि रंगमंचाच्या अगदी पुढ्यात, पहिल्या रांगेच्या पायांशी, त्यांच्या बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. दोन्ही हात हवेत. एक, दोन, तीन, वळा. एक, दोन, तीन, बसा. आठही मुलांचे डोळे त्या हातांवर खिळलेले. नाच कुठेही चुकला नाही, पण एकाही मुलानं आमच्याकडे पाहिलं नाही. टाळ्या पडल्या, शेजारच्या गृहस्थांनी ‘बिचारे’ म्हणून सुस्कारा टाकला. आपण नाच पाहिलाच नाही, मुलं आज्ञा पाळताना पाहिली, असं मला वाटत राहिलं. चूक बाईंची नव्हती. त्या दिसेल अशा जागी बसल्या होत्या, एवढंच.

त्या बाईंना नाटकातच कसं बसवायचं, याचं उत्तर लॉस एंजेलिसच्या डेफ वेस्ट थिएटरनं शोधलेलं आहे. एड वॉटरस्ट्रीट या बधिर नटानं १९९१ साली ही संस्था काढली. तिनं ‘स्प्रिंग अवेकनिंग’ हे संगीत नाटक बधिर आणि ऐकू येणारे असे दोन्ही नट घेऊन नव्यानं बसवलं आणि २७ सप्टेंबर २०१५ रोजी ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं. मूळ संगीतिका २००६ची, आठ टोनी पुरस्कार मिळवलेली. एवढं गाजलेलं नाटक इतक्या लवकर पुन्हा कशाला, असं कुणी विचारलं असतं तर त्यात गैर काही नव्हतं. पण दिग्दर्शक मायकेल आर्डेनच्या हाती ते वेगळंच नाटक झालं.

वेंडला ही नायिका झाली होती सँड्रा मे फ्रँक, बधिर नटी. ती खुणांच्या भाषेत बोलते आणि ‘गाते’. तिचा गळा मात्र केटी बोएक या दुसऱ्या मुलीचा, गिटार घेऊन रंगमंचावरच वावरणारा. सुरुवातीलाच वेंडला आरशासमोर येते आणि आरशाच्या पलीकडे तिला दिसतो तिचाच आवाज. मॉरिट्झ हा दुसरा मुलगा डॅनियल ड्युरांटनं केला (पुढे ‘कोडा’ सिनेमातला थोरला भाऊ झाला तोच हा), त्याचा गळाही असाच त्याच्या मागेपुढे हिंडतो. बधिर नटांना वाद्यं ऐकू येत नाहीत, मग ते तालात कसे राहतात? इशारे नाचातच पेरलेले असतात. शेजाऱ्याचा खांद्याला खांदा लागतो, कुणी मान कलती करतो, दिव्याचा रंग पालटतो, आणि यांची ओळ सुरू होते. प्रेक्षकाला तो नाच वाटतो, नटाला ती सम असते. माझ्या डोळ्यांपुढच्या त्या बाई इथे सगळ्या नटांत वाटल्या गेल्या आहेत.

गाण्याचं भाषांतर हे त्याहून किचकट काम. शब्दाला शब्द ठेवून खुणा केल्या तर बधिर माणसाला त्या भाषणासारख्या वाटतात, गाण्यासारख्या नाहीत. खुणांच्या भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, त्यात भुवया आणि खांदेसुद्धा येतात; आणि स्वतःचं यमकही आहे. लागोपाठच्या खुणांत हाताचा आकार तोच ठेवला की डोळ्यांना जे जुळतं, ते यमक. अशा कामासाठी संस्थेत भाषेचे वेगळे जाणकार असतात, आणि ते बहुधा बधिर असतात. शिवाय अमेरिकेची खुणांची भाषा वेगळी, आपली वेगळी. त्यांची बाराखडी एका हातानं होते, भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं दोन हातांनी.

आता मुद्द्याचं. फ्रांक वेडेकिंडचं मूळ जर्मन नाटक १८९१चं. वयात येणाऱ्या मुलांना मोठी माणसं काहीच सांगत नाहीत आणि त्यातून अनर्थ होतात, असं त्याचं सूत्र. त्याआधी अकरा वर्षं, सप्टेंबर १८८०मध्ये, इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. बधिर मुलांना फक्त बोलायला शिकवावं, खुणा शाळेतून हद्दपार कराव्यात, असा ठराव तिथं झाला. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. युरोपभर मुलांना स्वतःच्या हातांवर बसायला लावण्याचे दिवस आले. तो ठराव चुकीचा होता अशी जाहीर कबुली व्हँकुव्हरच्या परिषदेनं दिली ती थेट २०१०मध्ये. आर्डेननं हा इतिहास नाटकाच्या वर्गात आणून बसवला. लॅटिनच्या तासाला मास्तर बधिर मुलाला तोंडानं म्हणायला लावतो. मॉरिट्झ ‘ढ’ का ठरतो, याचं कारण मूळ नाटकात पुसट होतं, इथं ते लख्ख दिसतं. संहितेला फारसा धक्का न लावता नाटकाला नवं कारण मिळालं.

मराठी वाचकाला १८८० हे साल दुसऱ्याच कारणानं पाठ असतं. मिलानची परिषद उठल्यावर दोन महिन्यांच्या आत, ३१ ऑक्टोबरला, अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं. त्या नाटकानं काय नवं केलं? पात्रांना आपापली पदं आपापल्या गळ्यानं गायला लावली. त्याआधी, १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हापासून, पदं सूत्रधार त्याच्या साथीदारांसह म्हणायचा आणि पात्रं अंगानं तो प्रसंग उभा करायची. गळा एकाचा, अंग दुसऱ्याचं, आणि दोघंही प्रेक्षकांच्या समोर! ब्रॉडवेनं २०१५मध्ये ज्याचं कौतुक केलं, ती रीत आपल्या नाटकाच्या बाळपणातलीच. एका बाजूला खुणांवर बंदी आली आणि दुसऱ्या बाजूला आपल्या नाटकात गळा राजा झाला, एकाच शरद ऋतूत. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून सिद्धांत काढू नये हे मलाही कळतं. पण पुढे गळा एवढा माजला की तान संपेपर्यंत नटाचे हात काय करताहेत हे कुणी पाहिनासं झालं.

सिनेमातल्या पार्श्वगायनाशी गळा आणि अंग वाटून घेण्याच्या या रीतीची तुलना हमखास होते. ती अर्धीच खरी. तिथं गळा लपवायचा असतो, इथं तो दाखवायचा असतो. डेफ वेस्टनं २००३ साली ‘बिग रिव्हर’ ब्रॉडवेवर आणलं, मार्क ट्वेनच्या हकलबरी फिनची गोष्ट. त्यात हकचा दारुडा बाप दोन नटांनी मिळून केला. एक खुणा करणारा ट्रॉय कॉत्सर, ज्याला पुढे ‘कोडा’साठी ऑस्कर मिळालं, आणि एक बोलणारा लाइल कनूस. दोघंही एकाच वेळी रंगमंचावर, एकाच बापाच्या वेशात. त्याच नाटकात एका समूहगीताच्या मध्यावर सगळा आवाज अचानक थांबायचा. वाद्यं गप्प, गळे गप्प, आणि सगळा संच खुणांनी गाणं पुढे नेत राहायचा. गाणं सुरू आहे आणि आपल्यालाच ते ऐकू येत नाही, हे त्या क्षणी थिएटरातल्या ऐकू येणाऱ्यांना उमगायचं.

भिलाईत बसून हे वाचताना मला परकं वाटलं नाही. माझी उमेदीची वर्षं पोलाद कारखान्यात गेली. रोलिंग मिलमध्ये लाल सळ्या धावत असताना शेजारचा कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. वर क्रेन चालवणारा आणि खाली सिग्नल देणारा यांचं सगळं बोलणं हातांवर. तर्जनी वर करून गोल फिरवली की उचल, खाली करून फिरवली की उतरव, हात आडवा झटकला की थांब. दोन माणसांच्या मध्ये कित्येक टनांचा बोजा लोंबकळत असतो, आणि मुकाट्यानं चाललेलं हे संभाषण चुकून चालत नाही. घरी आल्यावरही आमचे हात जरा जास्तच बोलायचे. बायको म्हणायची, ‘अहो, मी काही क्रेनवर बसलेली नाही.’

आणि पंडवानी, म्हणजे महाभारताची कथा गाऊन सांगायची छत्तीसगढी कला, तर दारातलीच. जवळच्या गनियारीत जन्मलेल्या तीजनबाई याच कारखान्यात नोकरीला होत्या. त्यांची कापालिक शैली उभ्यानं सादर होणारी. हातातला तंबुरा भीमाची गदा होतो, अर्जुनाचं धनुष्य होतो. आणि बाजूला रागी असतो, त्यांच्या प्रत्येक ओळीला हुंकार देणारा, मध्येच प्रश्न विचारणारा. कथा एकीची, पण होकार दुसऱ्याच्या गळ्यातून. छत्तीसगढीचा एक शब्द न कळणारे आमचे पाहुणे पंडवानी पाहून दुःशासन मेला हे बरोबर सांगतात.

आपल्याकडे बधिरांचं नाटक अगदीच नाही असं नाही. कोलकात्यात झरीन चौधरींनी १९७०च्या दशकात बधिर नटांचा ‘अ‍ॅक्शन प्लेयर्स’ हा संच उभा केला. महाराष्ट्र शासन दिव्यांग मुलांसाठी बालनाट्य स्पर्धा घेतं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०२१मध्ये दहा हजार शब्दांवर गेला. २०११च्या जनगणनेत ऐकण्याची अडचण नोंदवलेली माणसं पन्नास लाखांवर होती. पण नाटकाच्या बाबतीत आपली मजल अजून बहुधा कोपऱ्यातल्या दुभाष्यापर्यंत. एका कोपऱ्यात दुभाषी उभा करायचा आणि नाटक मध्यभागी चालू द्यायचं. हे सौजन्य झालं. बधिर प्रेक्षकाची मान टेनिस पाहणाऱ्यासारखी इकडून तिकडे हलत राहते.

मला जे पाहायचं आहे ते ‘शाकुंतल’च. शकुंतला कण्वाच्या आश्रमात एकटी बसली आहे, दुर्वास दाराशी येऊन हाक मारतात, ती वळत नाही, ते चिडून शाप देऊन निघून जातात. आजवर आपण म्हणत आलो, ती दुष्यंताच्या विचारात बुडाली होती. ती बधिर असेल तर? अण्णासाहेबांच्या पदांची एक ओळही बदलावी लागणार नाही. ती प्रेक्षकांकडे तोंड करून, बोटांनी दुष्यंताशी बोलत बसलेली. मागे ऋषी. आणि तिच्या जरा पलीकडे तंबोरा घेऊन तिचा गळा, दुसरी मुलगी. तिला हाक ऐकू आली आहे, शापही ऐकू आला आहे. पण तिचं काम गायचं आहे, आणि शकुंतलेनं हात मांडीवर ठेवलेत.