उद्या नसणाऱ्या मालाची शिफारस

छावणीच्या गुरुवारच्या गुरांच्या बाजारात सकाळी दिसलेली लाल कंधारी गाय दुपारी दिसेलच असं नाही. सौदा झाला की तिच्यासारखी दुसरी मिळेल, तीच नाही. ऑनलाइन बाजारातला बराच माल आता असाच अल्पायुषी असतो: ओएलएक्सवरची जुनी दुचाकी, २०१९मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या ॲनिमॉल ॲपवरची म्हैस, तासाभरात शिळी होणारी बातमी. ॲप शिफारस कशी करतं याविषयीचे आपले समज मात्र टिकाऊ मालावरून बेतलेले आहेत.

त्यातला सर्वांत पक्का समज म्हणजे, ‘माझ्यासारख्यांनी जे घेतलं तेच मला दाखवतात.’ पुस्तकं आणि चित्रपटांबाबत हे बरंचसं खरं. नेटफ्लिक्सने २००६मध्ये १० लाख डॉलरची स्पर्धा लावली, तेव्हा सुमारे १७ हजार चित्रपटांना प्रेक्षकांनी दिलेले १० कोटींहून अधिक गुण स्पर्धकांच्या हाती दिले होते. एकेका चित्रपटामागे हजारोंचा अनुभव! म्हशीचं तसं नाही. तिला एकच जण घेतो, आणि ‘ही घेण्याजोगी होती’ हे कळतं त्याच क्षणी ती बाजारातून गेलेली असते. मग इतरांच्या अनुभवाऐवजी ॲपला मालाच्या गुणांवर भिस्त ठेवावी लागते. म्हैस कितव्या वेताची, दोन्ही वेळचं दूध किती, भाव काय, तुमच्या गावापासून किती लांब आणि गेल्या काही मिनिटांत तुम्ही कशावर थांबलात. बाजारातला मुरलेला दलालही तुमच्या शेजाऱ्याने काय घेतलं याची चौकशी करत बसत नाही. दोन-चार प्रश्नांत तुमची गरज आणि ऐपत ताडतो, आणि नेमक्या दावणीपाशी नेऊन उभा करतो.

म्हणूनच ‘ॲप मला जितकं जुनं ओळखतं, तितकी शिफारस नेमकी’ हेही इथे फारसं लागू पडत नाही. गेल्या वर्षी तुम्ही गाडी शोधत होतात, हे आज शेळी शोधताना काय कामाचं? उलट जुनी माहिती आडवी येते. गाडी घेऊन झाल्यावरही गाड्याच दिसत राहतात, कारण पैसे रोख दिले, व्यवहार घराच्या अंगणात झाला आणि ॲपला त्याचा पत्ताच नाही. विकलेला माल यादीत लटकत राहण्याचं कारणही बहुधा हेच. विकणाऱ्याने जाहिरात काढलेली नसते. कट कमी, आळस जास्त.

मध्येच भलतंच काही दिसलं की ‘ॲप चुकलं’ असं वाटतं. पुष्कळदा ते मुद्दाम केलेलं असतं. आत्ताच आलेल्या जाहिरातीविषयी कुणाचंच मत नसतं, तेव्हा ती थोड्या लोकांना दाखवून चाचपणी केल्याशिवाय गत्यंतर नाही. याहूच्या संशोधकांनी २०१०मध्ये बातम्यांसाठी हीच चाचपणी वाचक पाहून करणारी पद्धत मांडली. वाचकाचा विचार न करणाऱ्या चाचपणीपेक्षा तिने क्लिक १२.५ टक्क्यांनी जास्त मिळवले, आणि माहिती तुटपुंजी असताना तिचा फायदा आणखी वाढला. या चाचपणीची किंमत, म्हणजे तुमचा वेळ, ॲप तुम्हाला न विचारता वसूल करतं, ही तक्रार मला रास्त वाटते.

‘जास्त लोकांनी पाहिलं म्हणजे चांगलं’ हा समज तर खिशाला चाट लावणारा. म्हैस एक आणि ती शंभर जणांना दाखवली, तर नव्व्याण्णव जण हिरमुसणार आणि बाकीचे विक्रेते गिऱ्हाइकाची वाट पाहणार. शहाण्या यंत्रणेला गर्दी पांगवावी लागते. शिवाय भरपूर पाहिलेली पण आठवडाभर न विकलेली वस्तू बहुधा भावानेच अडलेली असते. घासाघीस करायला जागा तिथेच.

फोन आपलं बोलणं ऐकतो, हा सर्वांचा लाडका संशय. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासले. मायक्रोफोन चोरून चालू केल्याचा पुरावा मिळाला नाही. काही ॲप पडद्याचं चित्रण मात्र बाहेर पाठवत होते.

आणि यादीत सर्वांत वर तो माल सर्वांत योग्य? वरची जागा पुष्कळदा पैसे मोजून घेतलेली असते. २०२०च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, इतरांचा माल आपल्या मंचावर विकू देणाऱ्या कंपन्यांनी क्रमवारीचे मुख्य निकष सहज सापडतील असे, सोप्या भाषेत सांगायचे आहेत. ती भाषा मराठी असावी, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.