लहान मापाचा निर्णय

आज ज्या विषयावर बोलावयाचें आहे तो घरच्या बैठकींत सहसा निघत नाहीं. म्हणूनच तो नभोवाणीवर काढणें मला योग्य वाटतें. स्तनांत बसविलेलें सिलिकॉनचें इंप्लांट पुढें जड वाटूं लागलें, नकोसें झालें, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेंत तें लहान करून घ्यावें काय, आणि घ्यावें तर किती लहान?

कल्पना करा, आरमोरीच्या एखाद्या शिक्षिकेनें दहा वर्षांपूर्वीं, शहरांत राहत असतांना, ४०० सीसीचीं इंप्लांट बसवून घेतलीं. कां, हें आपण विचारूं नये. कोणास कर्करोगामुळें गेलेला स्तन परत हवा असतो, कोणास आपल्या रूपांत थोडा पालट हवा असतो. दोन्ही गोष्टी ज्हिच्या तिच्या अधिकारांतल्या आहेत. आतां ती गांवीं परतली आहे. वैनगंगेकांठच्या या धानाच्या नि कोशाच्या मुलखांत तिचा संसार चालला आहे. दोन मुलें झालीं आहेत. मान व खांदे दुखतात, भरभर चालतां येत नाहीं, पोलकें नीट बसत नाहीं. पण हें बोलावें कोणाजवळ? "हौसेनें करून घेतलेंस, आतां भोग," हें उत्तर तिनें मनांत आधींच ऐकलेलें असतें.

याच गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाले. शेंकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा अवघ्या ८ होत्या. तो अभ्यास स्तनांचा नव्हता, हें खरें. परंतु दुखणें अंगावर काढण्याची जी रीत त्यांत उघड झाली, ती शिकल्यासवरलेल्या घरांतूनही मोडलेली नाहीं.

इंप्लांटचा इतिहास फार जुना नव्हे. १९६२ सालीं अमेरिकेंत ह्यूस्टन येथें थॉमस क्रोनिन व फ्रँक जेरो या शल्यविशारदांनीं टिमी जीन लिंडसे नांवाच्या स्त्रीस पहिलीं सिलिकॉन जेलचीं इंप्लांट बसविलीं. बाई वास्तविक गोंदण काढून घेण्यास गेली होती! तेव्हांपासूनच्या अनुभवानें एवढें पक्कें ठरलें आहे कीं इंप्लांट हा जन्माचा सोबती नव्हे. दुसरी शस्त्रक्रिया करावी लागणें यांत नवल नाहीं, आणि लाजण्यासारखें तर मुळींच कांहीं नाहीं.

आतां मापाकडे वळूं. सिलिकॉनचें वजन पाण्याच्या जवळपास असतें. म्हणून ४०० सीसी म्हणजे सुमारें ४०० ग्रॅम. तेथून २५० वर आल्यास दोन्ही बाजू मिळून ३०० ग्रॅम भार उतरतो. हा भार कांहीं थोडा नव्हे; पण तेवढ्यानें मानेचें सगळें दुखणें पळेल, असें छातीठोकपणें सांगणाऱ्यावर विसंबूं नये. मणक्याचा विकार, बसण्याची ढब, स्वतःच्या स्तनांचें वजन, हीं कारणें निराळीं तपासावीं लागतात.

शिवाय सीसी हा केवळ अर्धा हिशेब. एकाच ३०० सीसीचें इंप्लांट रुंद व चपटें असूं शकतें, तसेंच अरुंद व पुढें उचललेलेंही असूं शकतें. म्हणून सर्जन प्रथम छातीच्या मध्यापासून बगलेकडे स्तनाची रुंदी किती सेंटिमीटर आहे तें मोजतो, आणि तिच्यांत बसणाऱ्या इंप्लांटांतूनच निवड करतो. मैत्रिणीला २५० शोभतें म्हणून आपल्यालाही शोभेल, हा तर्क येथें लंगडा पडतो. २५-३० सीसीचा फरक तर बहुधा डोळ्यांस कळतही नाहीं; तेवढ्यासाठीं कोणी भूल घेऊं नये.

पहिल्या वेळीं पुष्कळ स्त्रिया पिशवींत तांदूळ मोजून भरतात व ती काचोळींत घालून अंदाज घेतात. युक्ति चांगली, पण ती वाढीच्या अंदाजाची. वजाबाकी तांदळानें करतां येत नाहीं. त्यासाठीं शस्त्रक्रियेच्या वेळीं नमुन्याचें तात्पुरतें इंप्लांट आंत ठेवून, रुग्णास टेबलावर अर्धवट बसतें करून पाहतात.

खरी अडचण पुढेंच आहे. शरीर कोणत्याही परक्या वस्तूभोंवतीं पातळ पडदा विणतें. दहा वर्षें ४०० सीसीभोंवतीं विणलेली ती पोकळी, तिच्यांत २५० चें इंप्लांट नुसतें सोडलें, तर मोठ्या पोत्यांतल्या मूठभर धानासारखें तें इकडे तिकडे सरकेल, खालीं उतरेल, कधीं उलटेंही होईल. म्हणून पोकळीला आंतून टांके घालून ती आवळावी लागते, किंवा नवीच जागा करावी लागते. वरची त्वचा तर दहा वर्षें ताणलेली, आणि दाबाखालीं आंतलें मांसलही पातळ झालेलें. तरुण, घट्ट त्वचा थोडीफार आंखडते; बाळंतपणें झालेली, दूध पाजलेली त्वचा तितकी आंखडेलच असें नाहीं. मग स्तन रिकामा व ओघळलेला दिसतो. तो उचलून घ्यावयाचा तर स्तनाग्राच्या वर्तुळाभोंवतीं आणि तेथून खालीं व्रणाची रेघ येते, व ती जन्मभर राहते.

तेव्हां आमच्या शिक्षिकेपुढचा प्रश्न "२५० कीं ३००" एवढा नाहीं. व्रण पत्करून पुष्कळ लहान व्हावें, कीं व्रण टाळून थोडेंच लहान व्हावें, कीं इंप्लांट अजिबात काढून टाकून स्वतःच्या आहे त्या स्तनावर समाधान मानावें? हा तिसरा मार्ग सल्ला देणारे पुष्कळदां सांगतच नाहींत. मला तो हीन वाटत नाहीं. कर्करोगानंतर किरणोपचार झालेल्या स्त्रीची गोष्ट आणखी निराळी: तिच्या त्वचेची लवचिकता कमी झालेली असते, जखम उशिरां भरते, आणि माप दुसऱ्या बाजूशीं जुळवावें लागतें.

इंप्लांट बदलणें व स्तन उचलणें एकाच वेळीं केल्यास स्तनाग्राचा रक्तपुरवठा धोक्यांत येऊं शकतो. म्हणून कांहीं सर्जन दोन टप्पे पाडतात. त्यांत चंद्रपूर-गडचिरोलीकडचा खर्रा! तंबाखू ओढलेली असो कीं चघळलेली, तिच्यांतील निकोटिन रक्तवाहिन्या आंखडवतें. शस्त्रक्रियेपूर्वीं व नंतर निदान चार-चार आठवडे तिला हात लावूं नये. पुरुषांचें व्यसन म्हणून हा प्रश्न बाईंना विचारलाच जात नाहीं. तो विचारला गेला पाहिजे.

आरमोरीहून यासाठीं बहुधा ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करीत नागपूर गांठावें लागतें. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस तेथेंच मुक्काम ठेवावा. टांके, सूज, रक्त सांचणें हें परगांवाहून पाहतां येत नाहीं. आणि वैशाखांत, आधाराची घट्ट काचोळी अहोरात्र घालावी लागते अशा वेळीं, हें काम काढूं नये.

जातांना पहिल्या शस्त्रक्रियेचें इंप्लांटचें कार्ड बरोबर न्यावें. त्यावर बनावट, माप व पृष्ठभागाचा प्रकार असतो. खरखरीत पृष्ठभागाच्या कांहीं इंप्लांटांचा एका विरळ लिंफोमाशीं संबंध दिसून आल्यामुळें २०१९ सालीं अ‍ॅलरगन कंपनीनें आपलीं बायोसेल जातीचीं इंप्लांट जगभर परत घेतलीं. आपलें त्यांतलें आहे काय, हें कार्डावरून कळतें. कार्ड हरवलें असल्यास पहिल्या रुग्णालयाकडून शस्त्रक्रियेचा कागद मागवून घ्यावा. तो हातीं येईपर्यंत आंत नक्की ४०० आहेत कीं ३५०, हें कोणीच छातीवर हात ठेवून सांगूं शकत नाहीं, आणि नव्या मापाची बोलणीं अंदाजावरच चालतात.