‘डिफेंडिंग जेकब’ : आपलंच मूल आरोपी असेल तर?

आज मुलांच्या नाही, मोठ्यांच्या पुस्तकाबद्दल लिहीत आहे. विल्यम लँडे या अमेरिकन लेखकाची ‘डिफेंडिंग जेकब’ ही कादंबरी २०१२ साली आली. कोर्टातला थरार म्हटलं की आपल्याकडे जॉन ग्रिशॅम यांचं नाव आधी निघतं. ही कादंबरी त्याच वाटेवरची आहे, पण बरीच जास्त काळोखी. लँडे स्वतः पूर्वी सहायक सरकारी वकील होते, आणि ते पानोपानी जाणवतं.

गोष्ट थोडक्यात अशी. बोस्टनजवळच्या न्यूटन या सुखवस्तू उपनगरात बेन रिफकिन नावाचा आठवीच्या वयाचा मुलगा बागेत भोसकून मारलेला सापडतो. तपासाची सूत्रं सरकारी वकील अँडी बार्बर याच्याकडे असतात. पुढे बेनच्या कपड्यांवर मिळालेला बोटाचा ठसा कोणाचा निघतो? अँडीच्याच मुलाचा, चौदा वर्षांच्या जेकबचा. काल आरोपींना प्रश्न विचारणारा बाप आज आरोपीच्या मागच्या बाकावर बसतो.

संपूर्ण गोष्ट अँडीच सांगतो. आणि तो वकील आहे, हे वाचताना विसरू नका! तो आपल्यापुढेही बाजूच मांडत असतो. जेकबच्या खोलीत चाकू सापडतो, तेव्हा आयुष्यभर पुरावे जपण्याचं काम केलेला हा माणूस त्या चाकूची गुपचूप विल्हेवाट लावतो. का, तर ‘माझा मुलगा असं करूच शकत नाही.’ हे वाक्य पालकसभेत आपण किती वेळा ऐकलंय! तिथे विषय पेन्सिल चोरल्याचा किंवा ढकलाढकलीचा असतो, इथे खुनाचा आहे. पण मनाची धाव तीच. अँडी खोटारडा वाटत नाही, हीच या लेखनाची ताकद. त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर पटकन देता येत नाही.

मला मात्र अँडीपेक्षा त्याची बायको लॉरी जास्त लक्षात राहिली. मुलावर तिचंही तितकंच प्रेम आहे, पण ती मागे वळून बघायला लागते. जेकब लहान असताना इतर मुलांशी कसा वागायचा, तेव्हा आपण ‘मुलं म्हटल्यावर चालायचंच’ म्हणून काय काय सोडून दिलं, ते तिला एकेक आठवतं. अँडीला त्यात काहीच दिसत नाही. घर तेच, मूल तेच, आणि आईबापांचे दोन वेगळे निकाल. कोर्टातल्या उलटतपासण्या रंगतदार आहेतच, पण खरा खटला या दोघांमध्ये चालतो.

आपल्या पेशाच्या दृष्टीने सगळ्यात बोचणारी गोष्ट शाळेतली आहे. बेन जेकबला चिडवायचा, छळायचा. जेकबकडे चाकू आहे हेही मित्राला ठाऊक होतं. मुलांचं फेसबुकवर आपसात बोलणं चालू होतं. म्हणजे जे पोलिसांना, आईबापांना शोधून काढावं लागलं, ते वर्गातल्या मुलांना कधीच माहीत होतं. मोठ्यांपर्यंत ते पोचलं नाही. चौथीच्या वर्गातसुद्धा मधल्या सुट्टीत काय चालतं याची खबर आपल्याला शेवटी लागते, मग आठवीची गोष्टच सोडा.

कायद्याचा एक फरक समजून घेतला तर कादंबरी जास्त कळते. मॅसॅच्युसेट्स राज्यात चौदा वर्षांच्या मुलावर खुनाचा आरोप असेल तर खटला प्रौढांसारखा चालतो. आपल्याकडे बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे अत्यंत गंभीर गुन्ह्यातही सोळा ते अठरा वयाच्या मुलांचाच, तोही बाल न्याय मंडळाने आधी प्राथमिक मूल्यांकन करून, प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याचा विचार होऊ शकतो. चौदा वर्षांचा मुलगा मंडळापुढेच राहतो आणि त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं. जेकबच्या डोक्यावर टांगलेली तलवार किती मोठी आहे, ते यावरून लक्षात येईल. शिवाय तिथे निकाल ज्युरी देते. आपल्याकडे नानावटी खटल्याच्या वेळी ज्युरी होती, नंतर ती पद्धत गेली.

उणिवाही आहेत. अँडीचा बाप खुनासाठी जन्मठेप भोगतोय, आणि ही गोष्ट अँडीने बायकोपासूनही लपवलेली असते. इथवर ठीक. पण ‘हिंसा रक्तातून येते का’ ही जनुकांची चर्चा मधल्या भागात फार लांबते. वर्गातल्या एखाद्या मुलाबद्दल ‘बापावर गेलाय’ म्हणणाऱ्यांच्या हातात हे कोलीत नको, असंही वाटून गेलं. विरोधी वकील लोजुडिस जरा जास्तच खलनायकी रंगवलाय, अर्थात तो आपल्याला अँडीच्याच डोळ्यांनी दिसतो.

शेवट सांगत नाही. तो सुन्न करणारा आहे, आणि २०२० च्या मालिकेत बदललेला आहे, म्हणून आधी पुस्तक वाचा. मुलांच्या हाती मात्र देऊ नका. गोष्टीच्या अधूनमधून ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला उभा करायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांपुढे, अँडीची साक्ष चालू असते. ती नेमकी कशाबद्दल आहे हे अगदी शेवटी उलगडतं. ते कळल्यावर पहिलं प्रकरण पुन्हा उघडा, अँडीची तीच उत्तरं वेगळी ऐकू येतात.