उजेड बघायचा तर अंधार राखा

कॅरिबियन समुद्रातल्या पुएर्तो रिकोच्या पूर्वेला व्हिएकेस नावाचं छोटं बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावरची मोस्किटो बे ही खाडी जगातली सर्वांत तेजस्वी जैवप्रकाशी खाडी म्हणून गिनीज बुकात नोंदलेली आहे. चंद्र नसलेल्या रात्री पर्यटक कयाकमध्ये बसून या पाण्यात शिरतात. वल्हं पाण्यात गेलं की त्याच्याभोवती निळसर उजेड घुसळतो. वल्हं वर काढलं की पात्यावरून ओघळणारा प्रत्येक थेंब जिथे पडतो तिथे एक ठिपका चमकून विझतो, आणि होडीखालून मासा पळाला तर त्याची अख्खी वाट उजळलेली दिसते. असा अनुभव देणाऱ्या सफरी आता आपल्या देशातही आहेत. अंदमानात स्वराज द्वीपाच्या कांदळवनात रात्री कयाक नेतात. कोचीजवळच्या कुंबळंगीत, जिथे या उजेडाला ‘कवरु’ म्हणतात, उन्हाळ्यात बघ्यांची गर्दी होते. कोकणातल्या निळ्या लाटांचे व्हिडिओ दर हिवाळ्यात फिरू लागले आहेत, तेव्हा ‘आपल्याकडेही रात्रीच्या बोटी सुरू करा’ ही मागणी येणारच. माझं म्हणणं असं की ही सफर जरूर सुरू करावी, पण अंधार, संथपणा आणि मोजकी माणसं या तीन गोष्टी आधी ठरवून मगच. त्या राखल्या नाहीत तर काय होतं आणि राखल्या तर काय टिकतं, हे पुएर्तो रिकोत स्वच्छ दिसतं.

आधी हा उजेड येतो कुठून ते पाहू. मोस्किटो बेमध्ये तो पायरोडिनियम बहामेन्स या एकपेशीय जिवाचा असतो. डोळ्यांना न दिसणारे हे जीव तिथल्या एका गॅलन पाण्यात लाखोंच्या संख्येने असतात. दिवसा ते वनस्पतींसारखं सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि रात्री चमकतात. हे वेळापत्रक त्यांच्या पेशीतच बसवलेलं असतं. तशाच प्रकारच्या जिवांना प्रयोगशाळेत सतत अंधारात ठेवलं तरी काही दिवस ते रात्रीच्याच वेळी जास्त चमकतात, हे १९५०च्या दशकात बिअट्रिस स्वीनी आणि वुडी हेस्टिंग्ज यांनी दाखवून दिलं. पाणी हललं की पेशीच्या आवरणावर ताण येतो, आतल्या सूक्ष्म कप्प्यांमध्ये आम्लता वाढते, ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य मोकळं होतं आणि ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन प्रकाश पडतो. एक चमक सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी टिकते. ही उठाठेव कशासाठी, याचं सर्वांत पटणारं उत्तर असं की चमकणाऱ्या जिवाला खायला आलेला बारीक कोळंबीवर्गीय प्राणी त्या उजेडात उघडा पडतो आणि त्याला खाणारा मासा त्याच्यावर झडप घालतो. घरात चोर शिरल्यावर आरडाओरडा करून शेजाऱ्यांना जागं करावं, तसा हा प्रकार. आपल्या दृष्टीने यातली महत्त्वाची बाब ही की उजेड म्हणजे त्या जिवाने दिलेला प्रतिसाद आहे आणि त्याचा साठा अमर्याद नाही. वारंवार ढवळलं की चमक मंदावत जाते आणि पुन्हा भरून यायला वेळ लागतो. म्हणजे जाणारी प्रत्येक बोट त्या रात्रीच्या साठ्यातून काही खर्च करून जाते. एका होडीने केलेला खर्च नगण्य असतो. इंजिनाच्या पंख्याने पाणी घुसळत एकामागून एक बोटी जाऊ लागल्या की तो नगण्य राहत नाही.

दुसरी बाजू बघणाऱ्याच्या डोळ्याची. अंधाराला पुरतं सरावायला आपल्या डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ती कमाई क्षणात जाते. समाजमाध्यमांवर दिसणारी गडद निळी छायाचित्रं बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा पडदा कित्येक सेकंद उघडा ठेवून काढलेली असतात. डोळ्यांना दिसतो तो उजेड पुष्कळदा फिकट, निळसर पांढरा असतो. छायाचित्र बघून गेलेला माणूस त्यामुळे हिरमुसतो, मग बोटवाल्यावर ‘जरा दाखवा की’ म्हणून दबाव येतो आणि बोटवाला वेग वाढवून पाणी ढवळतो. किनाऱ्यावर दिवे लागले, हॉटेलं आली, तर खाडीतले जीव जिवंत असूनही दिसेनासे होतात. चांदण्या रात्रीही तेच होतं, म्हणून व्हिएकेसमध्ये पौर्णिमेच्या आसपास अनेक जण सफरी नेतच नाहीत. गिऱ्हाईक दारात उभं असताना धंदा बंद ठेवायचा, ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

मोस्किटो बे इतकी उजळते यामागे भूगोल आहे. खाडी उथळ, तोंड अरुंद, भोवती दाट कांदळवन. कांदळाची पानं कुजून पाण्यात पोषकद्रव्यं उतरतात. या जिवांना लागणारं बी-१२ जीवनसत्त्वही त्यातून मिळतं असं मानतात. त्या भागात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर असल्यामुळे आतलं पाणी लवकर बाहेर जात नाही आणि हे जीव खाडीतच वर्षानुवर्षं टिकून राहतात. याला इतिहासाचीही जोड आहे. बेटाचा बराच मोठा भाग २००३पर्यंत अमेरिकी नौदलाच्या ताब्यात होता. तिथे चालणाऱ्या बॉम्बफेकीच्या सरावाने बेटवासीयांचं अतोनात नुकसान केलं आणि तो बंद पाडायला त्यांना मोठा लढा द्यावा लागला. पण त्याच काळात किनारा हॉटेलांनी भरला नाही, हेही खरं. पुढे खाडीत पोहायला बंदी आली, कारण अंगावरचं सनस्क्रीन आणि डास पळवणारी मलमं पाण्यात उतरतात. इथल्या सफरी मुख्यतः वल्ह्यांच्या कयाकवर चालतात.

याच पुएर्तो रिकोच्या नैर्ऋत्येला ला पार्गेरा गावाजवळ दुसरी खाडी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर हीच जगप्रसिद्ध होती. १९६०च्या दशकात संशोधक इथेच येऊन मोजमापं घेत. तिथे मोटारबोटींना आणि पोहायला मुभा राहिली, किनाऱ्यावर घरं आणि दिवे वाढले, सांडपाणी आणि गाळ येत राहिला. आज तिथला उजेड पूर्वीच्या मानाने बराच ओसरला आहे आणि पायरोडिनियमच्या जागी न चमकणाऱ्या दुसऱ्या जातींनी हात-पाय पसरल्याच्या नोंदी आहेत. तिसरी खाडी फहार्दोची लगूना ग्रांदे. नोव्हेंबर २०१३मध्ये ती अचानक विझली. सफरी थांबल्या, शास्त्रज्ञांनी पाणी तपासलं. जोराचे वारे-लाटा आणि जवळच चाललेल्या सांडपाणी प्रकल्पाच्या बांधकामातून वाहून आलेला गाळ, अशा दोन्हींवर संशय गेला. पुढे उजेड परतला, पण खाडीच्या बाहेर होणारं एखादं काम आतला दिवा कसा घालवू शकतं, याची धास्ती तिथल्या लोकांनी घेतली. तीन खाड्या, एकच बेटसमूह, एकाच जातीचा जीव, आणि उजेड मात्र राखणीच्या प्रमाणात.

यावर एक रास्त आक्षेप येतो. जमैकात फालमथजवळच्या ल्युमिनस लगूनमध्ये यंत्राच्या बोटी जातात, लोक पाण्यात उतरतात, तरी ते पाणी चमकतंच. मग बंदीचा आग्रह कशाला? फालमथला मार्था ब्रे नदीचं गोडं पाणी सतत येऊन समुद्राच्या पाण्यात मिसळतं, म्हणजे तिथली परिस्थितीच वेगळी आहे. प्रत्येक खाडीची सोसण्याची ताकद वेगळी असते, ही गोष्ट मी मान्य करतो. पण एक खाडी सोसते म्हणून दुसरीही सोसेल हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि ला पार्गेराने सोसलं नाही हे तर समोर आहे. दुसरा आक्षेप अधिक जोरकस आहे: २० सप्टेंबर २०१७ला मारिया चक्रीवादळ आलं आणि सगळे नियम पाळणारी मोस्किटो बेसुद्धा काही महिने अंधारली, निसर्गच उजेड घालवणार असेल तर माणसाच्या शिस्तीला काय अर्थ? वादळ टाळता येत नाही हे कबूल. परंतु २०१८मध्ये तिथला उजेड परत आला. खाडीचं अरुंद तोंड, तिचा तळ आणि कांदळवन पुन्हा उभं राहायला जागा शिल्लक होती, म्हणून तो आला. किनारा काँक्रीटचा असता तर सावरायला काही उरलंच नसतं. घाव बसल्यावर भरून येण्याची ही क्षमताच राखणीने वाचते.

आता कोकण. इथला उजेड वेगळ्या जिवाचा आणि वेगळ्या जातकुळीचा आहे. मान्सून सरल्यावर, विशेषतः थंडीत, आपल्या किनाऱ्यावर चमकतो तो नॉक्टिल्युका सिंटिलान्स. हा आकाराने एक-दोन मिलिमीटरपर्यंत वाढतो. नोव्हेंबर २०२०मध्ये जुहूपासून देवगडपर्यंत निळ्या लाटा दिसल्याच्या बातम्या आल्या त्या याच जिवाच्या. तो एखाद्या खाडीत घर करून राहत नाही. समुद्रात त्याची लाखोंनी वाढ होते, वारा आणि प्रवाह त्याला किनाऱ्याला लावतात आणि काही दिवसांत तो निघून जातो. आपल्याकडे भरती-ओहोटीचा फरक मीटरांत मोजावा लागतो. खाडीचं पाणी रोज दोनदा आत-बाहेर होतं. त्यामुळे मोस्किटो बेसारखा कायम वस्तीला असलेला उजेड कोकणच्या खाडीत मिळण्याची आशा धरू नये. तारीख जाहीर करून, आगाऊ पैसे घेऊन ‘निळ्या लाटांचा महोत्सव’ भरवणं म्हणजे जे आपल्या हातात नाही ते विकणं.

त्यात आणखी एक पेच आहे. याच नॉक्टिल्युकाच्या हिरव्या रूपाची अरबी समुद्रातली हिवाळी वाढ गेल्या दोन दशकांत फोफावली. गोव्याशी नातं असलेले संशोधक हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोज यांनी २०१४मध्ये या वाढीचा संबंध कमी ऑक्सिजनचं पाणी वर सरकण्याशी जोडला. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्यावर शंका घेतली. वाढीच्या वेळी पृष्ठभागाजवळ ऑक्सिजन पुरेसा असतो, असं त्यांचं म्हणणं. वाद मिटलेला नाही. मच्छीमाराला मात्र परिणाम कळतो. पूर्वी जी जागा डायटम या सूक्ष्म शैवालांची होती, ज्यांच्यावर पुढे मासळी पोसली जाते, तिथे हा जीव शिरतो. आणि त्याला खाणारे प्रामुख्याने जेलीफिश आणि साल्प हे पारदर्शक, मऊ अंगाचे प्राणी असतात, बाजारात विकली जाणारी मासळी नव्हे. मग जो उजेड समुद्राच्या बिघाडाची खूण असू शकतो त्याचं पर्यटन करावंच का, असा प्रश्न कुणी विचारेल. माझ्या मते करावं, पण सफरीत हेही सांगितलं जावं. समुद्र बदलतो आहे हे शंभर व्याख्यानांनी जितकं पोहोचत नाही तितकं चमकणाऱ्या पाण्यावर तरंगताना ऐकलेल्या चार वाक्यांनी पोहोचेल. त्यासाठी बोटीवर माहीतगार माणूस हवा आणि तो गावातलाच हवा.

‘नियम घातले तर गरिबाच्या पोटावर पाय येतो’ असंही म्हटलं जाईल. पण वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका कांदळवनाची सफर चालवतात. होडी त्या स्वतः वल्हवतात आणि झाडाझाडाची माहिती देतात. इंजिनाचा आवाज नाही, डिझेलचा तवंग नाही, आणि त्या संथपणालाच लोक पैसे मोजतात. रात्रीच्या उजेडाची सफर अशाच हातांत गेली तर नियम त्यांच्या विरोधात जाणार नाहीत. उलट बाहेरून स्पीडबोट घेऊन येणाऱ्यापासून ते त्यांचं रक्षण करतील. गर्दी आधी आणि नियम मागाहून आले की काय होतं ते भंडारदऱ्याला काजवे बघायला होणाऱ्या गर्दीने दाखवलंच आहे: गाड्यांच्या रांगा, टॉर्च, फ्लॅश, आणि मग वनखात्याची धावपळ.

कोकणासाठी एक नियम तर व्हिएकेसपेक्षा कडक हवा. अंधारी रात्र म्हणजे अमावास्या, आणि अमावास्येला उधाण असतं. म्हणजे उजेड सर्वांत छान दिसण्याची रात्र हीच खाडीच्या तोंडाशी ओढ सर्वांत जोराची असण्याची रात्र. म्हणून या सफरी खाडीच्या आतल्या, आडोशाच्या पाण्यातच व्हाव्यात, भरती-ओहोटीची वेळ पाहून निघाव्यात, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असावं आणि एका रात्री किती होड्या सोडायच्या हे आधी ठरावं. प्रवासी बोटींना परवाने देणाऱ्या महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाने आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाने हे पहिली जाहिरात झळकण्याआधी एकत्र बसून लिहून काढावं. वाचकांच्या हातातही काही आहे. तिकीट काढण्यापूर्वी विचारा: बोट वल्ह्याची आहे की इंजिनाची, पाण्यात उतरू देता का, उजेड नाही दिसला तर काय? ‘दिसेल तर दिसेल, खात्री नाही’ असं सांगणाऱ्याबरोबर जा. ‘हमखास दाखवतो’ म्हणणाऱ्याकडून तिकीट घेऊ नका.